दुखण्यांची वाटणी

मिस्त्रींच्या घरात दुखण्यांची वाटणी लग्नानंतर लवकरच होऊन गेली होती आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. छाती, श्वास, धडधड आणि चक्कर हा सगळा ऐवज मिस्त्रींच्या घराण्याचा. दात, हिरड्या आणि जबडा मिस्त्रीणबाईंच्या माहेरचे. मिस्त्रींचे वडील साठीच्या आतच, जेवताना छातीवर हात ठेवून गेले होते, थोरले काकाही तसेच. त्यामुळे हृदय या विषयावर मिस्त्रींचा वडिलोपार्जित हक्क होता. तिकडे मिस्त्रीणबाईंची आई, मावशी आणि दोघी बहिणी यांना दातांनी पुरतं छळलेलं. घरात कुणाला काही दुखलं की ते कोणत्या बाजूचं हे आधी ठरायचं, मग औषध शोधलं जायचं. लेकीला लहानपणी खेळताना धाप लागली तेव्हा "ही आमच्यावर गेलीय" असं मिस्त्री सगळ्यांना सांगत सुटले होते.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. शहरातल्या बहुतेक जुन्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. स्वतः मात्र चौथ्या मजल्यावर राहायचे आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. यावरून त्यांची इतकी वर्षं थट्टा झाली होती की आता करणाऱ्यालाच कंटाळा आला होता.

यंदा त्यांना साठावं लागलं आणि ते हाय खाऊन बसले. दिवसातून चारदा मनगटावर बोट ठेवून नाडी बघायची, रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत टोचलं म्हणून उठून बसायचं, आणि मग मिस्त्रीणबाईंनी उठून पाणी द्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, असा परिपाठच झाला. बाई कपडे अल्टर करून देणाऱ्या एका दुकानात शिलाई मशीनवर बसत. दिवसभर लोकांच्या पॅंट आखूड करून, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन चार मजले चढून आल्यावर त्यांना आणखी एक काम असायचं, ते म्हणजे मिस्त्रींना "तुम्हाला काही होत नाही" असं पटवून देणं. हे काम त्या मनापासून करत. पण एका रविवारी मिस्त्रींनी "आता माझं काही खरं नाही" म्हणत कोणता पाना कोणाला द्यायचा याची वाटणी सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानातून रजा घेतली आणि नवऱ्याला धरून हृदयाच्या दवाखान्यात नेलं.

तपासणीच्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. लिफ्टवर "बंद" अशी पाटी. मिस्त्रींनी दाराच्या फटीतून आत डोकावून "तेल कुणी बघत नाही, दुसरं काय" असा निकाल दिला आणि जिना धडाधडा चढून वर गेले. मिस्त्रीणबाई बऱ्याच मागून आल्या. मधल्या वळणावर थांबून त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

"सापडलं का?" मिस्त्रींनी वरून विचारलं.

"हो हो, आले," त्या म्हणाल्या.

आत एक तरुण डॉक्टरीण बसली होती. लेकीच्याच वयाची असेल. तिला सणसणीत सर्दी झाली होती, रुमाल बाहीत खोचलेला होता आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता. खोली लहानशी, एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा आणि भिंतीवर हृदयाचं चित्र, ज्याचा खालचा कोपरा कुणीतरी बोटाने चाळा करून फाडला होता. मिस्त्रींना वाटलं होतं की पांढऱ्या मिशांचा कुणीतरी भारदस्त माणूस असेल. त्यांचा जरा विरसच झाला.

"काय होतंय?" डॉक्टरने मिस्त्रींना विचारलं.

"यांच्या छातीत टोचतं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"कुठे?"

मिस्त्री तोंड उघडणार तोवर बाईंनी त्यांच्या शर्टावर बोट टेकवलं. "इथे. दुसऱ्या बटणाच्या डावीकडे. एवढ्याशाच जागेत."

"चालताना? काही उचलताना?"

"छे. पडल्यावर. डाव्या कुशीला."

"किती वेळ राहतं?"

"टोचतं क्षणभर," बाई म्हणाल्या. "त्यावर बोलणं मात्र तासभर चालतं."

डॉक्टर हसली आणि हसता हसता शिंकली. मिस्त्रींना मात्र हे प्रकरण कुणी गंभीरपणे घेत नाही असं वाटायला लागलं. झोप कशी, भूक कशी, सिगारेट ओढता का, पायाला सूज येते का, वडील कशाने गेले. प्रश्न संपतच नव्हते, आणि प्रत्येकाचं उत्तर बाईंकडे तयार. मिस्त्री आपल्याच शरीराच्या चौकशीला साक्षीदार म्हणून बसल्यासारखे मान हलवत होते. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही.

"डॉक्टर, एकदा मशीन लावून बघा ना. नुसतं विचारून काय कळणार?"

"लावू की," डॉक्टर नाक पुसत म्हणाली. "पण मशीनकडून काय शोधून घ्यायचं, ते आधी ठरवू या."

हे तर मिस्त्रींचंच बोलणं होतं. कोणत्याही इमारतीचा सेक्रेटरी फोन करून "मोटर बदलून टाका" म्हणाला की मिस्त्री आधी त्याची उलटतपासणी घेत. अडकते कधी, चढताना की उतरताना? रिकामी की भरलेली? थांबून राहिली की आपोआप चालू होते का? निम्मा बिघाड त्यांना फोनवरच समजायचा. पोरगी कामातली दिसते, असं मनाशी म्हणून ते खुर्चीत जरा मागे रेलले.

"जिने चढवतात का यांना?" डॉक्टरने पुढचा प्रश्न टाकला. "घर कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या. यांना कसला त्रास? हत्यारांची थैली खांद्याला लावून एका दमात वर जातात. मलाच थांबावं लागतं."

डॉक्टरचं पेन थांबलं. "तुम्हाला? का बरं?"

"चाव्या शोधायला," उत्तर मिस्त्रींनी दिलं. आपल्याला बोलायला मिळालं म्हणून ते खुशीत होते. "आमच्याकडे हा रोजचा विनोद आहे, डॉक्टर. दुसरा मजला आला की ही पिशवी खाली ठेवते आणि चाव्या शोधायला लागते. वर्ष होत आलं असेल. लेक तर याला चाव्यांचा महोत्सव म्हणते."

मिस्त्रीणबाईही हसल्या. डॉक्टर हसली नाही. तिने खुर्ची थोडी वळवली, आता तिचं तोंड बाईंकडे होतं.

"चाव्या कुठे असतात?"

"पर्समध्ये."

"दुसऱ्या मजल्यावर थांबता तेव्हा सापडत नाहीत?"

बाईंनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "सापडलेल्याच असतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जरा उभं राहायला बरं वाटतं. नुसतं उभं राहिलं की शेजारी विचारतात, काय झालं म्हणून."

"आणि काय होत असतं तेव्हा?"

"काही नाही. दात दुखतो."

मिस्त्री मोठ्याने हसले. जिना चढताना दात दुखणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मग खोलीत आपण एकटेच हसतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि हसू तोंडातच राहिलं.

"कुठला दात?" डॉक्टरने विचारलं.

बाईंनी दात दाखवला नाही. अख्खा तळवा डाव्या जबड्यावर ठेवला आणि तो गळ्यापर्यंत खाली आणला. "हा इथला. तो काढून टाकला मागे. दातांच्या डॉक्टरांना त्यात काही दिसलं नव्हतं, मीच मागे लागले. पण दुखायचं काही राहिलं नाही."

"जेवताना दुखतो?"

"नाही."

"गार पाण्याने?"

"नाही. चढताना. पिशवी जड असली की जास्त. उभी राहिले की जातो."

चढताना, भरलेली, थांबली की सुरळीत. मिस्त्रींच्या डोक्यात हे शब्द एकापाठोपाठ एक येऊन बसले. कुठल्याही परक्या इमारतीतून असा फोन आला असता तर त्यांनी हातातला घास टाकून धाव घेतली असती.

"बसल्या जागी कधी दुखलाय?" डॉक्टरचा आवाज तसाच होता, पण पेन तिने खाली ठेवलं होतं.

"पूर्वी नाही. या दोन-चार दिवसांत दुखतोय. मशीनवर बसले असताना दुखला. काल पहाटेही."

"आज?"

"आत्ता जिन्यात दुखला. थोडा अजून आहे." मग त्यांना एकदम संकोच वाटला. "पण ते राहू दे. आधी यांचं बघा ना तुम्ही. आम्ही यांच्यासाठी आलोय."

डॉक्टर उठून टेबलाच्या या बाजूला आली, बाईंच्या दंडाला धरून तिने त्यांना उठवलं आणि शेजारच्या खोलीत नेलं. तिथे एक खाट होती आणि ज्या मशीनची मिस्त्री मघापासून मागणी करत होते, ते मशीन होतं. नर्सने पडदा ओढला. मिस्त्री पडद्याच्या अलीकडे उभे राहिले. कुणी त्यांना जा म्हटलं नाही, कुणी बस म्हटलं नाही.

पडद्यामागून प्रश्न येत होते आणि उत्तरं येत होती. घाम येतो का? येतो, पण मला वाटायचं उकडतंय. धाप? भाजी आता दोन खेपांत आणते, म्हणजे लागत नाही. घरी कुणाला सांगितलं नाही? सांगायचं काय, दात तर काढून झाला होता. पहाटे दुखतं तेव्हा काय करता? स्वयंपाकघरात जाऊन बसते, आपोआप जातं. मिस्टरांना उठवत नाही? अहो, त्यांची झोपमोड झाली की त्यांना धडधडतं.

मिस्त्रींनी पडद्याची कड मुठीत धरली. एकेक उत्तर त्यांच्या काळजाला घरं पाडत होतं. आपल्याच स्वयंपाकघरात, आपण पलीकडे घोरत असताना, ही बाई जबडा धरून अंधारात बसत होती आणि सकाळी आपल्यालाच विचारत होती, "रात्री टोचलं का हो?"

"तुमच्या आई कशाने गेल्या?" डॉक्टरने विचारलं.

"वय झालं होतं तसं. विहिरीवरून पाणी आणलं, दारातल्या पायरीवर बसली ती उठलीच नाही."

"त्यांनाही काही दुखायचं?"

"दातच," बाई म्हणाल्या. आणि मग, बऱ्याच सावकाश, "पण शेवटी शेवटी तिच्या तोंडात दात नव्हते. तरी जबडा धरून बसायची."

मशीनमधून कागदाची लांब पट्टी निघाली. डॉक्टरने ती उभ्या उभ्याच वाचली, नर्सला काहीतरी सांगितलं, बाईंना गोळ्या चावून खायला दिल्या आणि फोनवर कुणाशी तरी भराभर बोलली. मग पडदा सारून बाहेर आली.

"मिस्त्री, यांना आज घरी नेता येणार नाही."

"कुणाला?" मिस्त्रींनी विचारलं. खरंच विचारलं. इतक्या वर्षांची सवय होती.

"तुमच्या मिसेसना. तो दात नाही. हृदयाला रक्त कमी पडतंय आणि ते त्यांना जबड्यात जाणवतंय. असं होतं, बायकांमध्ये तर बऱ्याचदा. आता मात्र थांबायला नको. आतली रक्तवाहिनी आजच बघावी लागेल, आणि बंद असेल तर लगेच उघडावी लागेल."

"पण ते तर आमच्याकडचं आहे," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरला अर्थातच याचा अर्थ कळला नाही. चाकाच्या खुर्चीतून बाई त्यांच्या समोरून गेल्या. त्यांनी पर्स मिस्त्रींच्या हातात दिली आणि "अहो, तुमचं तपासायचं राहिलं, तेवढं करून घ्या" असं बजावलं. दारं बंद झाली.

नर्सने खरोखरच त्यांना त्याच खाटेवर झोपवून त्यांचाही कागद काढला. मशीन लावा म्हणून हट्ट धरणारे मिस्त्री त्या वेळी छताकडे बघत पडले होते, आणि पट्टी हातात आल्यावर त्यांनी ती न बघताच खिशात कोंबली. मग बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी लेकीला फोन लावला.

"आईला ॲडमिट केलंय. हृदयाचं आहे."

"बाबा, तुम्ही घाबरू नका," लेक म्हणाली. "तुम्हाला काही होणार नाही. आईला द्या बघू फोन."

"अगं, मला नाही. आईला झालंय."

"आईला?" लेकीने विचारलं. "आईला कसं?" मग ती रडायला लागली आणि निघते म्हणाली.

त्या बाकावर मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात आपण आधी जाणार हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की बाईंशिवाय घर कसं असेल हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. आता तो विचार शेजारी येऊन बसला. चौथ्या मजल्यावरचं कुलूप आपण उघडलं आणि आत कुणी नाही, एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होतं. कुणाकडे काय मागावं तेही सुचेना. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली.

दारं उघडली तेव्हा हिरव्या कपड्यांतले एक मोठे डॉक्टर बाहेर आले आणि मिस्त्रींच्या समोर उभे राहिले. मुख्य रक्तवाहिनी जवळपास बंद झाली होती. मनगटातून नळी घालून ती उघडली, आत स्टेंट बसवला. बाई शुद्धीत आहेत, बोलताहेत.

"वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "आणखी थोडे दिवस काढले असतेत तर अवघड होतं."

"मी नाही आणलं," मिस्त्री म्हणाले. "तिनेच मला आणलं." आणि इतका वेळ आवरून धरलेलं सगळं बाहेर पडलं. साठीचा माणूस बाकावर बसून लहान मुलासारखा रडला आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही. त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले, दारावरच्या नर्सचे मानले, फरशी पुसणाऱ्या बाईचेही मानले. तिने फडकं पिळत "होईल सगळं चांगलं" म्हटलं, तर तिचे पुन्हा एकदा मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लेक आईजवळ बसल्यावर, ते त्या तरुण डॉक्टरला शोधत निघाले. ती जिन्याच्या वळणावर उभी राहून घाईघाईने बिस्किटं खात होती. मिस्त्रींनी रात्रभर एक चांगलंसं भाषण जुळवलं होतं. ते तिथल्या तिथे विरून गेलं.

"डॉक्टर, काल दुसरं कुणी असतं तर माझ्या छातीला मशीन लावून आम्हाला घरी पाठवलं असतं," ते म्हणाले. "मीच तसं सांगत होतो तुम्हाला. तुम्ही विचारत राहिलात म्हणून आज माझी बायको आहे. तुमचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही."

डॉक्टर ओशाळली. तोंडातलं बिस्किट संपवायला तिला थोडा वेळ लागला.

"त्यांनीच सांगितलं हो सगळं," ती म्हणाली. "मी मध्ये बोलले नाही, एवढंच." मग तिला आठवलं. "तुमची पट्टी बघितलीत का? कशी आली?"

मिस्त्रींनी खिसा चाचपला. चुरगाळलेला कागद निघाला. कालपासून आपल्याला एकदाही टोचलं नाही, किंवा टोचलं असेल तर समजलं नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. डॉक्टरने पट्टी उजेडात धरून वरपासून खालपर्यंत नीट पाहिली.

"उत्तम आहे," ती म्हणाली. "चांगलं हृदय आहे तुमचं. त्यांच्या कामाला लावा आता."

मिस्त्री वॉर्डात परतले. लेक चहा आणायला खाली गेली होती. मिस्त्रीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या, उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली, चेहरा उतरलेला. पण ओठांना रंग होता, आणि असा रंग शेवटचा कधी पाहिला होता ते मिस्त्रींना आठवेना. ते खाटेजवळ उभे राहिले. सवयीने बाईंनी डोळे उघडल्या उघडल्या विचारलं, "तुमचं काय निघालं?"

"माझं राहू दे," मिस्त्री म्हणाले. "तुला काय होतंय ते सांग."

"मला काय होणार? बरी आहे मी."

"अगं, तसं नाही. नीट आठवून सांग. कुठे दुखतंय?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. नवरा चेष्टा करतोय की काय ते आधी पाहिलं. तो करत नव्हता. शर्ट चुरगळलेला, डोळे सुजलेले, तो आपला उत्तराची वाट बघत उभा होता.

"मनगट ठणकतंय," त्या म्हणाल्या.

"बरं. आणि?"

"पाठ आखडलीय. रात्रभर एका कुशीवर झोपवलं इथल्या नर्सनी. ही उशी म्हणजे नुसता दगड आहे. टाचा दुखतात. टाचा तर दुकानात लागल्यापासून दुखतात." त्या थांबल्या, पण मिस्त्री मध्ये बोलले नाहीत, तेव्हा पुढे म्हणाल्या, "आणि काल आत नेलं ना, तेव्हा मी फार घाबरले होते हो."

लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्यापुढे केलेली ही पहिली तक्रार होती. मिस्त्रींनी ती ऐकली आणि त्यांना वाटलं, आपल्याला आजवर कुणी एवढं मोठं काही दिलेलं नाही. त्यांनी मानेखाली हात घालून उशी सारखी केली, पायथ्याचं स्टूल ओढून घेतलं आणि बाईंच्या टाचा हातात धरून ते त्यावर बसले.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"आणखी पुष्कळ आहे," बाई म्हणाल्या.

"असू दे," मिस्त्री म्हणाले. "मला कुठे जायचंय?"